एकोणिसावं बाक

१

मणियात्तरा गावच्या होडीवर माझ्याकडे दोन कामं आहेत. होडी घाटावरून निघताना आणि परत घाटाला लागल्यावर वल्हेकरी मोजायचे, आणि मधल्या वेळात होडीच्या मध्यावर उभं राहून गायचं. मी ओळ म्हणतो, सगळे ती परत म्हणतात आणि त्या तालावर वल्ही पडतात. गाण्याचं कौतुक गावभर होतं. मोजण्याचं कुणी करत नाही. त्यात काय, ते कुणालाही येतं! चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी एवढंच सांगू शकतो, की ते कुणालाही येत नाही.

होडीत बत्तीस बाकं. एका बाकावर दोघं, म्हणजे चौसष्ट वल्ही. प्रत्येक जागा एकेका घराची असते. बाप थकला की मुलगा बसतो, मुलगा नसला की भाचा. होडी देवाची, म्हणून अनवाणी चढायचं. आणि परत आल्यावर मी "सगळे आले" असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय एकानंही घाट सोडायचा नाही. ही रीत माझ्या आजोबांच्याही आधीची आहे.

मागच्या वर्षी शर्यतीच्या सरावाच्या वेळी आरन्मुळ्याच्या देवळाअलीकडच्या वळणावर होडी उलटली. पंपा नदीला पावसाचं पाणी होतं, पण आमची माणसं पट्टीची पोहणारी. सगळे घाटावर आले. मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. चौसष्ट. पुन्हा उलट्या बाजूनं मोजलं. चौसष्ट. मी ओरडलो, "सगळे आले! घरी जा, डोकी पुसा."

दोन तासांनी भवानीअम्मा कोरडा मुंडू, म्हणजे आमच्याकडची लुंगी, हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, आमचा दिवाकरन अजून यायचाय."

दिवाकरन तिचा मुलगा, एकोणिसाव्या बाकावर डावीकडे बसायचा. तो सापडला नाही. त्याला घाटावर मुंडू पिळताना तिघांनी पाहिलं होतं. घाटावरून घरी चालत जाताना मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. गावानं ठरवलं, की तो वाहून गेलेलं वल्हं आणायला पुन्हा पाण्यात उतरला असणार. असेलही. पण मी "सगळे आले" म्हटलं नसतं तर शोध तेव्हाच सुरू झाला असता, हे दोन तास माझ्या नावावर आहेत, आणि ते मी कुणाला वाटून देऊ शकत नाही.

२

या वर्षी दिवाकरनची जागा रिकामी ठेवायची ठरली. त्याच्या घरात दुसरा पुरुष नाही. त्रेसष्ट वल्ही. त्या बाकावर उजवीकडे एकटा बसायचा तो माझा सख्खा भाचा अनिरुद्धन, माझ्या बहिणीचा, सुमंगलाचा, एकुलता एक. दुबईत वीजतंत्री आहे. होडीसाठी दरवर्षी सुट्टी काढून येतो, आणि या खेपेला लग्न ठरवूनच परत जायचं होतं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी मला ते ऐकू आलं.

मी ओळ म्हटली. त्रेसष्ट गळ्यांनी ती परत म्हटली. वल्ही पडली. आणि सगळे थांबल्यावर, अर्ध्या मात्रेनं मागून, एकच गळा ओळीचा शेवट म्हणून थांबला.

कुणीतरी ताल चुकतोय, असं मला वाटलं. माझा स्वभाव तिरसट, मी लगेच खेकसलो, "कोण रेंगाळतंय रे मागे? सासुरवाडीला आलायत का जेवायला?"

सगळे हसले. पुढच्या ओळीला पुन्हा तेच.

घरी येऊन मी कागद घेतला. अर्धी मात्रा म्हणजे साधारण अर्धा सेकंद. तेवढ्यात आवाज जाऊन-येऊन एकशे सत्तर मीटर चालतो. म्हणजे समोरची दरड पंच्याऐंशी मीटरवर हवी. आमच्या तिथं पंपेचं पात्र तेवढंच आहे. प्रतिध्वनी! मी स्वतःला शाबासकी दिली आणि गाढ झोपलो.

प्रतिध्वनीत एकच गळा कसा येईल, हे मला दुसऱ्या दिवशी दात घासताना सुचलं.

३

पाच्चु पिल्लै आमच्या चार सुकाणूवाल्यांतला म्हातारा. होडीच्या उंच शेपटावर उभा राहून लांब वल्ह्यानं तो होडीला वळवतो. देवाचं नाव घेऊन शिव्या देणारा तेवढा एकच माणूस मी पाहिलाय. सराव संपल्यावर तो पानाला चुना लावत माझ्याजवळ येऊन बसला.

"सर, तुम्हाला गणित येतं ना? मग सांगा. डावीकडे एकतीस वल्ही, उजवीकडे बत्तीस. होडी कुठं ओढेल?"

"डावीकडे. किंचित."

"किंचित कसली! माझ्या हाताला केसाएवढं वजनही कळतं. तीस वर्षं काय माश्या मारतोय मी इथं?" त्यानं पान तोंडात टाकलं. "ओढत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे सरळ जातेय. डावीकडे कुणी कमी नसल्यासारखी."

माझं तोंड पाहून त्याला दया आली असावी. तो म्हणाला, "अहो, एवढं काय घाबरता! आमच्या होड्यांची सुरुवातच मुळी आगंतुक पाहुण्यापासून झालीय. त्या भट्टतिरीची गोष्ट शाळेत पोरांना सांगायचात ना?"

सांगायचो. काठावरच्या गावात एक ब्राह्मण होता. ओणमच्या दिवशी पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय तो जेवत नसे. एका वर्षी कुणीच आलं नाही. रडत बसला तेव्हा नदीकडून एक अनोळखी तरुण आला, पोटभर जेवला आणि म्हणाला, पुढच्या वर्षीपासून हे जेवण देवळात पाठव. तेव्हापासून ओणमचा शिधा होडीनं आरन्मुळ्याला जाऊ लागला. वाटेत तो लुटायला माणसं उठली, म्हणून राखणीला गावोगावच्या होड्या निघाल्या, आणि त्याच पुढं शर्यतीच्या होड्या झाल्या. तो तरुण म्हणजे खुद्द त्या देवळातला देव, पार्थसारथी. म्हणून आजही होडीत एक जास्तीचा माणूस असतो आणि पंगतीत एक जास्तीचं तोंड, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

"तोच वल्हवत असेल," पाच्चु पिल्लै म्हणाला. "कधी नव्हे ती आपली होडी जिंकेल."

पण त्यानं ते माझ्याकडे न बघता म्हटलं. आणि पानाची पिचकारी नदीत न टाकता चार पावलं मागं जाऊन झाडाच्या बुंध्याशी टाकली. तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

४

सुमंगलानं होडीला जेवण बोललं होतं. मागच्या वर्षी होडी उलटली तेव्हा ती काठावर होती. माझा मुलगा वर येऊ दे, अख्ख्या होडीला देवळात पंगत घालीन, असा तिनं तिथंच नवस केला. मुलगा वर आला. तिच्यासाठी हिशेब तिथंच संपतो. भवानीअम्माचं तोंड चुकवत ती वर्षभर बाजारात मागच्या गल्लीनं जायची, हेही खरं.

या पंगतीची रीत अशी, की होडीवाले जेवता जेवता गाण्यातून पदार्थ मागतात. पापड मागतात, केळी मागतात, मध मागतात, खडीसाखर मागतात. गाण्यात जे मागितलं ते यजमानानं नाही म्हणायचं नाही. मागणारे आम्ही असलो तरी खाणारा देव. आमच्या गावच्या पंगतीत तर यजमानीणबाई ओळ संपायच्या आत "वाढलं!" असं ओरडते आणि मग वाढपी धावतात. आधी होकार, मग पदार्थ.

दुपारी आम्ही वल्हवत देवळाच्या घाटाला लागलो. सुमंगला दिवा घेऊन पायरीवर उभी होती, सोनेरी काठाच्या पांढऱ्या वस्त्रात, लहानपणी शाळेत बक्षीस घ्यायला उभी राहायची तशी. देवळाला फेरी घालून आम्ही पंगतीला बसलो. आमचे लोक होडीत बसतात तसेच जोड्याजोड्यांनी बसतात. वाढप्यानं सवयीनं चौसष्ट पानं मांडली होती. एकोणिसाव्या जोडीत अनिरुद्धनच्या डावीकडचं पान रिकाम्या जागेसमोर होतं.

"हे उचल," मी वाढप्याला म्हटलं.

"राहू दे, चेट्टा," सुमंगला माझ्या कानाशी म्हणाली. थोरल्या भावाला आमच्याकडे चेट्टा म्हणतात. "त्याच्या नावानं राहू दे. तेवढंच माझ्या जिवाला बरं."

राहिलं. त्या पानावरही सगळं वाढलं गेलं.

मी गाऊ लागलो. त्या दालनाच्या भिंती माझ्यापासून फार तर वीस फुटांवर होत्या. वीस फुटांवरून आवाज डोळ्याची पापणी लवायच्या आत परत येतो. मी पापड मागितला, सगळ्यांनी मागितला, आणि अर्ध्या मात्रेनं मागून एका गळ्यानं मागितला. नदीवर होती तेवढीच अर्धी मात्रा.

माझ्या पाचावर धारण बसली. पण थांबता येत नव्हतं. मी केळी मागितली, आंबट दही मागितलं, पायसमची, म्हणजे खिरीची, दुसरी वाटी मागितली. "वाढलं! वाढलं!" सुमंगला हसत ओरडत होती, तिच्या कपाळावरचं चंदन घामानं उतरलं होतं. घसा कोरडा पडला म्हणून मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

तोंडात पाण्याचा घोट असताना मी ती ओळ ऐकली. माझ्याच चालीत, स्वच्छ, एकाच गळ्यातून.

"वल्हं माझं एकटं, जोडी माझी वाढा."

"वाढलं!" सुमंगला ओरडली.

५

पंगत उठली तेव्हा तिघाचौघांनी माझी पाठ थोपटली. "सर, काय ओळ रचलीत! दिवाकरनची आठवण काढलीत. डोळ्यांत पाणी आलं." मी म्हटलं, मी नाही रचली. त्यांना तो माझा विनय वाटला. विनय! माझ्यात!

तेवढ्यात वाढपी ओरडला आणि सगळे तिकडं धावले.

जेवून झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं, ही आमची पद्धत. चौसष्टही पानं दुमडलेली होती. दिवाकरनचं पानही. व्यवस्थित, मधोमध, रिकाम्या जागेच्या बाजूला. वाढप्यानं ते उघडलं तर आत काहीच नव्हतं, शिताचा कणसुद्धा नाही. फक्त पानाच्या शिरेत थोडं गढूळ पाणी साचलेलं.

दालनात एकच जयघोष झाला. बायका रडू लागल्या. सुमंगला तर त्या जागेसमोर आडवीच पडली. देव जेवून गेला होता, तिच्या पंगतीत, तिच्या मुलाच्या शेजारी बसून.

मी अनिरुद्धनकडे पाहिलं. तो एकटाच अजून बसलेला होता. डावा पाय पोटाशी ओढून घेऊन घोटा दोन्ही हातांनी धरून बसला होता.

६

शर्यतीच्या आदल्या सकाळी मी बहिणीच्या घरी गेलो. मला आडवळणानं बोलता येत नाही.

"अनी होडीत बसणार नाही," मी म्हटलं.

सुमंगला नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही. "देवानं स्वतः मागितलाय त्याला शेजारी बसायला. आणि तू मामा असून आडवा येतोस?"

"देवानं कशावरून?"

"मग कुणी जेवलं ते पान?"

"गढूळ पाणी होतं पानात, सुमंगला."

"नदीतून आला तर पाणी असणारच." तिनं खवणी बाजूला सारली. "आयुष्यभर तू असाच. आईच्या श्राद्धालासुद्धा पिंडाला शिवलेले कावळे मोजलेस. माझ्याकडे कधी नव्हे ते काही चांगलं आलंय, चेट्टा. ते तरी मोजू नकोस."

मला तिचा राग आला, आणि तिची कीवही आली. "तू ओळ पुरती ऐकलीस तरी का?" मी विचारलं. "काय मागितलं ते कळायच्या आत वाढलं म्हणालीस!"

"रीतच आहे तशी," ती म्हणाली. पण तिचा हात नारळावर नुसताच राहिला.

अनिरुद्धन मागच्या ओसरीवर होता. माझं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"अम्मावा," तो हळू आवाजात म्हणाला, मामाला आमच्याकडे हीच हाक, "मी बसणार आहे."

"मूर्ख आहेस."

"मागच्या वर्षी पाण्याखाली त्यानं माझा पाय धरला होता. इथं, घोट्याला. मला श्वास नव्हता. मी दुसऱ्या पायानं लाथ मारली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दोनदा मारली. दुसऱ्यांदा सुटला."

मी त्याच्याजवळ बसलो.

"मग मी वर आलो तर तो घाटावर माझ्या आधी उभा. मुंडू पिळत होता. मला वाटलं, चला, वाचला! इतका आनंद झाला मला. मी हाक मारली, 'दिवाकरन चेट्टा!'"

"मग?"

"ओ दिली त्यानं." अनिरुद्धन थांबला. "पण जरा वेळानं."

७

शर्यतीच्या दिवशी ऊन लख्ख होतं. मी घाटावर मोजलं. त्रेसष्ट. अनिरुद्धन सगळ्यांत शेवटी चढला, अनवाणी, होडीला हात लावून तो कपाळाला लावून.

मी लाचार होऊन पाच्चु पिल्लैला म्हटलं होतं, की त्याला निदान दुसऱ्या बाकावर बसव. तो म्हणाला, "घराची जागा बदलली तर उद्या गाव मला नदीत बसवेल." पण वळणाशी होडी बाहेरच्या अंगानं घेईन, एवढं त्यानं कबूल केलं.

काठावर माणसांचा समुद्र, पलीकडे दुसऱ्या गावांच्या होड्या, रेशमी छत्र्या, आरोळ्या. मी मध्यावर उभा, तोंड पुढं. बाकं आम्ही शेपटाकडून मोजतो, म्हणून एकोणिसावं बाक माझ्यापासून दोन बाकं पुढं होतं. तिकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि बघत होतो. अनिरुद्धनची पाठ घामानं चमकत होती. त्याच्या डावीकडे रिकामी फळी होती. ऊन पडून तापलेली, कोरडी.

मी ओळ म्हटली. सगळ्यांनी म्हटली. अर्ध्या मात्रेनं मागून त्यानं म्हटली.

प्रत्येक ओळीला. मी ताल वाढवला, तोही वाढला. मी चाल बदलली, तोही बदलला. काठावरचे लोक आम्हाला ओरडून प्रोत्साहन देत होते आणि माझ्या पायाखालची होडी सरळ, फार सरळ चालली होती. वळण आलं. पाच्चु पिल्लैनं कबूल केल्याप्रमाणे होडी बाहेर घेतली. शेजारची होडी त्याच वेळी आमच्या अंगावर आली, वल्ह्याला वल्हं अडलं आणि आमची होडी डाव्या कुशीवर कलली.

उलटली नाही. नुसती कलली आणि पाणी आत आलं. त्या एका क्षणात मी एकोणिसावं बाक पाहिलं. तिथं दोन पाठी होत्या. सगळ्यांच्या पाठी घामानं ओल्या होत्या. डावीकडची पाठ पाण्यानं ओली होती, केसांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आणि ती पाठ अनिरुद्धनकडे वळत होती, पंगतीत शेजाऱ्याशी बोलायला माणूस वळतो तशी, सावकाश.

तोंड दिसायच्या आत होडी उसळून सरळ झाली. सहा-सात जण पाण्यात पडले होते. दुसऱ्या क्षणाला ते वल्ह्यांना धरून वर चढत होते, हसत, शिव्या देत. अनिरुद्धनही चढला. आपल्या जागी बसला. उजवीकडे. त्याच्या डावीकडची फळी रिकामी होती.

"गा, सर, गा!" मागून पाच्चु पिल्लै ओरडला.

मी गायलो. या वेळी ओळ संपली तेव्हा मागून वेगळा गळा आला नाही. म्हणजे नसावा. मी कान देऊन ऐकत होतो, पण काठावरचा गोंगाट एवढा होता, की अर्ध्या मात्रेत काय मावलं ते मला सांगता येणार नाही.

८

घाटाला लागलो. आम्ही हरलो होतो, त्याचं कुणाला दुःख नव्हतं. बायका टॉवेल घेऊन पायऱ्या उतरत होत्या. मी खांद्याला हात लावून मोजलं. त्रेसष्ट.

मागच्या वर्षी मी इथंच थांबलो होतो. या वेळी मी म्हटलं, "थांबा. मी घरांची नावं घेतो. एकेकानं ओ द्या."

"सर, थंडी वाजतेय!"

"वाजू दे."

मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली. घराचं नाव घेतलं की "ओ" यायची. ताबडतोब, कंटाळलेली, एखाद्याची चेष्टेखोर. अठरा बाकं झाली. एकोणिसाव्याचं डावं मी सोडलं. मग उजवं घेतलं, माझ्या स्वतःच्या बहिणीच्या घराचं नाव.

अनिरुद्धन माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. माझ्याकडेच पाहत होता. सुमंगला त्याचं डोकं पुसत होती.

"ओ," तो म्हणाला.

अर्ध्या मात्रेनं उशिरा.

मी त्याच्या पायाकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल होता, घोटे दिसत नव्हते. माणूस दमलेला असतो, पाण्यात पडलेला असतो, कानात पाणी गेलेलं असतं. उशिरा ओ द्यायला हजार कारणं असतात. मी ती सगळी एकापाठोपाठ एक मनाशी म्हटली. तेवढ्यात पाच्चु पिल्लै शेपटावरून उतरून माझ्याजवळ आला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"सर," तो कुजबुजला, "वळणापासून होडी डावीकडे ओढत होती."

डावीकडे एक वल्हं कमी झालं होतं. इतके दिवस जे तिथं चाललं होतं, ते वळणावर थांबलं होतं. किंवा थांबलं नव्हतं, शेजारी सरकलं होतं.

मी पुढची नावं घेतलीच नाहीत.

"चेट्टा, म्हण ना आता," सुमंगला म्हणाली. ती हसत होती. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "सगळे आले म्हण. पोर गारठलंय. घरी नेते त्याला."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दोन शब्दांचं काम होतं. तिचा मुलगा तिच्या हाताखाली उभा होता, आणि ते दोन शब्द म्हटले असते तर निदान घाटापासून घरापर्यंत तो तिचा राहिला असता.

"कुणी घरी जायचं नाही," मी म्हटलं. "छोट्या होड्या काढा. वळणापाशी चला. बुड्या मारणारे पुढं या."

"कुणाला शोधायचंय?" कुणीतरी विचारलं. "सगळे तर इथं आहेत!"

या वेळी दोन तास घालवायचे नव्हते. "अनिरुद्धनला," मी म्हटलं.

दोघंतिघं हसले. सर म्हातारे झाले, दुसरं काय! सुमंगला हसली नाही. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, की जन्मात पुन्हा मला चेट्टा म्हणणार नाही.

आणि ते सगळं शांत झाल्यावर, जरा वेळानं, तो म्हणाला, "अम्मावा, मी इथंच आहे."

पाच्चु पिल्लै एक शब्द न बोलता छोट्या होडीत चढला आणि त्यानं मला हात दिला. आम्ही वळणाकडे निघालो. मागं वळून पाहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पाहिलं. सुमंगला पायरीवर त्याचं डोकं पुसत होती. टॉवेल पिळून पुन्हा पुसत होती, पुन्हा पिळत होती. तिच्या पायांपासून नदीपर्यंत पायऱ्यांवरून पाण्याचा ओघळ लागला होता आणि त्याचे केस अजून निथळतच होते.